तेरा डझन आणि सात

त्या शुक्रवारी दुपारी रुक्मिणीने जे केलं ते मदत म्हणून केलं, हे पुढे सगळ्यांनी मान्य केलं. अगदी तिच्या मुलाने, श्यामसुंदरनेसुद्धा. आणि श्यामसुंदर घरातल्या कोणाच्या बाजूने काही मान्य करायचा म्हणजे आधी सूचक आणि अनुमोदक मागायचा.

गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून चार वर्षं धुऱ्यांच्या भांडुपच्या दोन खोल्यांत पेनांची टोपणं येत होती. उताराखालच्या प्लास्टिक कारखान्यातून गोणी यायची. टोपणं सुटी नसत, दांड्यांना लगडलेली असत, फांदीला करवंदं लगडावीत तशी. ती तोडायची, टोकाला राहिलेला कोंब ब्लेडने उडवायचा, डझनाडझनाने ढीग घालायचे आणि संध्याकाळी एका गोणीत टोपणं, दुसरीत रिकाम्या दांड्या भरून परत पोचवायच्या. दांड्या तिथे पुन्हा दळायला जात. रुक्मिणीचा हात या कामात इतका बसला होता की ती देवळात कीर्तन ऐकतानाही पदराची टोकं तोडायला बघायची. सून सुलक्षणा तिच्या जोडीला असायची. रुक्मिणीच्या नवऱ्याने, सहदेवने, मात्र गोणीला कधी बोट लावलं नाही. पस्तीस वर्षं गिरणीत साचे म्हणजे माग जोडणारा फिटर टोपणं सोलायला बसणार नव्हता. तो खिडकीत बसून संप अजून मिटायचाय असं धरून चालायचा.

त्या सकाळी लेक नलिनी अंधेरीला कामावर निघता निघता पोटमाळ्यावरून एक पुठ्ठ्याची पेटी काढून पुन्हा पुन्हा बघत होती.

"ह्यात काय आसा गो?" रुक्मिणीने विचारलं.

"विमान. डाकोटा. सुटं आहे. हे सगळे तुकडे एकेक करून तोडायचे, साफ करायचे, मग चिकटवायचे."

"सगळे?"

"सगळे. आज येऊन बसते, उद्या रजा टाकलीय. रविवारी ती माणसं यायच्या आत उभं राहायला पाहिजे. शिवदासच्या वडिलांना द्यायचंय. रिटायर होतायत ते."

शिवदासचं नाव निघालं तसं सहदेवने खिडकीबाहेर बघण्याचा वेग वाढवला. तीन आठवड्यांपूर्वी नलिनीने, भाताचं वाढप चालू असताना, आपण शिवदास बनसोडेशी लग्न करणार असं सांगितलं होतं. शिवदास विमानतळावर इंजिनं दुरुस्त करायचा. मुलगा शिकलेला, नोकरी पक्की, व्यसन नाही. यादीत सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या आणि एका रकान्यात आडनाव होतं. घरात कोणी जातीचा शब्द उच्चारला नाही. धुरी मंडळी सुधारलेली होती. ती 'आपल्यातले नाहीत' म्हणाली, 'त्यांचं वेगळं असतं' म्हणाली आणि मग आमटी मागितली. सहदेवने त्या दिवसापासून मुलीशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं तर तो बायकोला सांगायचा, नलिनी हातभर अंतरावर बसलेली असली तरी.

रुक्मिणीने मत दिलं नव्हतं. तिचं मत तिने फणसाच्या आठळ्यांसारखं मातीत पुरून ठेवलं होतं. वेळ आली की उकरून बघू, टिकलंय की किडलंय.

पण मत वेगळं आणि लेकीचे दमलेले हात वेगळे. नलिनी अंधेरीच्या निर्यातवाल्या कंपनीत दिवसभर भिंगाखाली केसासारख्या तारा डाग देऊन जोडायची. संध्याकाळी डोळे चोळत यायची आणि त्यात हे एवढं तोडायचं. दुपारी जेवणं आटपल्यावर रुक्मिणीने पेटी उघडली. आत राखाडी रंगाच्या दांड्या होत्या, दांड्यांना बारीकसारीक तुकडे. तिने पदर खोचला. दोन तासांत सगळं तोडून, कोंब उडवून, लहान-मोठं वेगळं करून, मोजून डालड्याच्या डब्यात भरलं. तेरा डझन आणि सात. काचेसारखे होते ते तुकडे तिने वाटीत वेगळे ठेवले, ओरखडे नकोत म्हणून. रिकाम्या दांड्या गोणीत टाकल्या. पाच वाजता सुलक्षणा गोणी पोचवून आली.

नलिनी सहाला आली. तिने पेटी उघडली आणि तशीच धरून उभी राहिली.

"आई, दांड्या कुठायत?"

"मियां सगळा सोलून ठेवलंय. डब्यात बघ. एकाक पण कोंब नाय."

"दांड्या, आई."

"कारखान्यात गेल्यो. त्यांचा काय करतलंस?"

नलिनी खाली बसली. पेटीतला घडीचा कागद तिने उलगडून आईपुढे धरला. त्यावर विमान उकलून काढलेलं होतं, आणि प्रत्येक अवयवापाशी एक आकडा.

"कुठला तुकडा कुठे लावायचा त्याचा नंबर दांडीवर असतो. तुकड्यावर नसतो. तुकडा एवढासा असतो, त्यावर नंबर मावत नाही."

रुक्मिणीने डब्यात पाहिलं. तेरा डझन आणि सात तुकडे तिच्याकडे निर्विकारपणे बघत होते. कारखान्यातली चक्की साडेपाचला चालू होते हे तिला माहीत होतं. भांडुपला ते सगळ्यांना माहीत असतं, कारण तेव्हा दिवे बारीक होतात.

"दुसरी पेटी आणूया," ती म्हणाली. "क्रॉफर्ड मार्केटात सगळा मिळता."

"मिळत नाही. साडेसातशेच काढल्या जगात. ही तीनशे अठरावी." पेटीच्या कडेला तो आकडा खरंच कोणीतरी शाईने, हाताने लिहिला होता. "एक गोरा इंजिनियर जाताना शिवदासला देऊन गेला. दोन वर्षं त्याने उघडली नाही. म्हणाला, माझी बोटं जाड, तुझा हात चांगला, तू कर."

रुक्मिणीने चहा टाकला आणि त्यात साखर दोनदा घातली. ज्या घरात साखर दिवाळीपुरती मोकळ्या हाताने पडायची त्या घरात हा कबुलीजबाबच होता.

श्यामसुंदर सातला कामावरून आला आणि त्याने खोलीतली शांतता ऐकून सभा भरवली. तो मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचा सरचिटणीस होता. घरात कोणाला जुलाब लागले तरी तो विषयपत्रिका काढायचा. आवाज मात्र देवाने दिलेला. मंडळाच्या सत्यनारायणाला देवाला गाऱ्हाणं घालायला कोणीही उभा राहो, प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायला श्यामसुंदर लागायचा. त्याचा होकार घाटकोपरपर्यंत ऐकू जातो असं सहदेव म्हणायचा, आणि नकार दाराबाहेरही जात नाही असं सुलक्षणा मनात म्हणायची.

"झालं ते झालं," श्यामसुंदर म्हणाला. "मला विचाराल तर यातून एक अर्थ निघतो. ज्याची वस्तू त्याला परत करावी. रविवारी त्यांना यायचा त्रास कशाला? निरोप पाठवू. वस्तू मोडली, दिलगीर आहोत. विषय तिथेच संपतो."

"विषय कोणता?" नलिनीने विचारलं.

"तू समजूतदार आहेस."

"नाही. तू बोल ना. विमानाचा विषय की माझा?"

"दोन्ही एकाच पेटीतून आलेत," श्यामसुंदर म्हणाला, आणि हे वाक्य जमलं म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं. सुलक्षणाने मान हलवली. नवऱ्याची वाक्यं जमली की मान हलवायची हा तिचा सात वर्षांचा परिपाठ होता. तो मोडायला कारण लागलं असतं, आणि कारण तिच्या मनात दुपारपासून ठसठसत होतं. त्याकडे आपण येऊच.

"माझी हरकत नोंदवून घ्या," श्यामसुंदर पुढे म्हणाला. "कार्तिकात मंडळाची निवडणूक आहे. लोक विचारतील. मी काय उत्तर देऊ?"

"सांग की बहीण लग्न करते. गावात सगळ्यांच्या करतात."

"आई, तू बोल."

"मियां काय बोलू? माझ्या हातान झाला."

"अण्णा?"

अण्णा उत्तर देत नव्हता. म्हणजे सहदेव खिडकीतून उठून केव्हाच स्टुलाशी आला होता आणि डालड्याच्या डब्यात हात घालून बसला होता. त्याच्या तळव्यावर दोन तुकडे होते. अर्ध्या सुपारीएवढे, गोल, कडेने दातेरी. त्याने एक दुसऱ्यावर ठेवला, चतकोर फिरवला. टक करून बसला. त्याने तो पुन्हा काढला आणि पुन्हा बसवला. चार वर्षांत त्याच्या हातात एकही वस्तू दुसरीत बसली नव्हती.

"अण्णा, मी तुमचं मत विचारतोय."

"असे चार आसत. मागे दोन, पुढे दोन," सहदेव म्हणाला. "इंजिना दोन असतली. रुक्मिणी, तुझ्या चेडवाक इचार, इंजिना दोन काय?"

नलिनी हातभर अंतरावर होती.

"दोन," ती म्हणाली.

"दोन म्हणता," रुक्मिणीने नवऱ्याला सांगितलं.

"मगे तिका सांग, कागद हंयसर धर."

कागद पसरला गेला. श्यामसुंदरची सभा गणसंख्येअभावी बरखास्त झाली, कारण सहदेवने ऐकायला बसलेल्यांना उजेड सोडायला सांगितलं आणि त्या उजेडात श्यामसुंदरच उभा होता.

शनिवारी सकाळी स्टूल खिडकीखाली आलं. त्यावर पोळपाट उलटा, पोळपाटावर नलिनीचं कंपनीतलं जुनं भिंग, चिमटा, पेटीतली सरसाची नळी. सहदेवने आंघोळ करून टोपी घातली. साचा पहिल्यांदा उभा करताना गिरणीत नारळ फोडायचे. इथे नारळ फोडला तर पोळपाटाला धक्का बसेल म्हणून त्याने नुसतं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, वेतोबा, आज ह्या घरात एक काम हाती घेतलेला आसा."

"व्हय म्हाराजा," रुक्मिणी म्हणाली.

"बायलेच्या हातून चूक झालेली आसा, ती पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," रुक्मिणी जरा कमी उत्साहाने म्हणाली.

"डावा ता डाव्याक आणि उजवा ता उजव्याक लागान्दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाहेरच्या खोलीतून वर्तमानपत्रामागून दणदणीत आवाज आला. मग वर्तमानपत्र खाली झालं, श्यामसुंदरने आपण काय बोललो ते आठवून पाहिलं आणि पत्र पुन्हा वर घेतलं. सहदेवने फक्त त्या दिशेला एकदा बघितलं. फिटर माणूस. कुठला पट्टा कुठल्या चाकाला ओढतो ते एकदा दिसलं की विसरत नाही.

काम असं चाललं. नलिनी भिंगातून तुकडा बघायची आणि कागदावरच्या चित्राशी ताडायची. सहदेव चित्र बघायचा नाही. तो तुकडा बोटात फिरवून त्याची टाचणीएवढी खुंटी शोधायचा आणि मग डब्यात त्या खुंटीचं भोक. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती आणि संभाषण चुलीजवळून वळसा घालून येत होतं.

"तिका सांग, ह्यो पंखाचो नाय. ह्यो शेपटेचो."

"अण्णा म्हणतत शेपटेचो."

"आई, त्यांना सांग, शेपटीचा असता तर कड बारीक असती."

"कड बारीक असती म्हणता."

"मगे तिका सांग, कड तुझ्या आवशीन काल ब्लेडान बारीक केल्यान."

"मियां खय केलंय?" रुक्मिणी निरोप्याची भूमिका सोडून म्हणाली. "मियां फक्त कोंब काढलंय."

दहाच्या सुमारास रुक्मिणी खाली भाजीला गेली आणि एक अडचण उभी राहिली. दोघांत बोलणं नाही आणि मधे माणूस नाही. नलिनीच्या चिमट्यात पंखाचं टोक होतं, सरस लावून झाला होता आणि तो वाळत चालला होता. डावा की उजवा हे कोणीतरी म्हणायला हवं होतं.

सहदेवने खाकरून दाराकडे पाहिलं. बायको जिन्यात नव्हती. त्याने भिंतीवरच्या वेतोबाच्या तसबिरीकडे पाहिलं.

"उजवो," तो तसबिरीला म्हणाला.

"नक्की?" नलिनीने तसबिरीला विचारलं.

"पस्तीस वर्सां काय माश्यो मारलंय?"

नलिनीने टोक उजव्या पंखाला लावलं. बसलं. त्यानंतर वेतोबाचाही उपयोग राहिला नाही, पण दोघांनी ते एकमेकांच्या लक्षात आणून दिलं नाही.

दुपारी सहदेव अर्धा तास आडवा झाला तेव्हा सुलक्षणा येऊन स्टुलाशी बसली. तिने आल्या आल्या दोन चाकांची जोडी शोधून दिली. चार वर्षं टोपणं तोडून तिची नजरही कमी तयार नव्हती. मग ती तिसऱ्या चाकाशी खेळत बसली.

"नलूताई, एक सांगू? रागावू नका."

"बोल ना."

"आपल्या टोपणांच्या दांड्या निळ्या असतात. काल गोणीत राखाडी दिसल्या. त्यावर आकडे पण होते. मी बघितले."

नलिनीचा चिमटा थांबला.

"मला वाटलं विचारावं सासूबाईंना. मग वाटलं, राहू दे. विमान झालं नाही तर ह्यांना बरं वाटेल." तिने चाक खाली ठेवलं. "रस्ताभर गोणी डोक्यावर होती. दोनदा उतरवली. तरी नेली."

नलिनीने चिमटा पोळपाटावर ठेवला. खाली नळावर कोणीतरी कळशीवरून भांडत होतं.

"आता का सांगतेस?"

"तुमच्या कंपनीत बायका घेतायत ना पुढच्या महिन्यात?"

नलिनीने भिंगातून डोळा काढला आणि वहिनीला पहिल्यांदाच तुकड्यासारखं फिरवून पाहिलं. तिला हसू आलं. सुलक्षणा पक्ष बदलायला आली होती, पण फुकट नाही. आणि तिने मागितलं ते असं की त्याला नाही म्हणायला कुठे कोंबच नव्हता.

"दादाला माहितीय?"

"ह्यांची हरकत असेल. नोंदवून घेऊ."

"हे चाक लावून दाखव," नलिनी म्हणाली. "भिंगाखाली. हात हलला तर कंपनीतपण हलेल."

हात हलला नाही.

संध्याकाळपर्यंत विमान चाकांवर उभं राहिलं. नाक वर, शेपूट खाली, आळस देऊन बसलेल्या मांजरासारखं. नलिनीने पाण्यात भिजवून अक्षरांचे कागद सरकवले, ते पापुद्र्यासारखे सुटून पंखावर बसले तेव्हा श्यामसुंदरसुद्धा दाराशी येऊन उभा राहिला. त्याने 'बरं झालंय' म्हणायला तोंड उघडलं आणि कार्तिक आठवून मिटलं.

डब्यात दोन तुकडे उरले. काडेपेटीच्या अर्ध्या काडीएवढे, टोकाशी वाकलेले, दोन्ही सारखे. कागदावर ते असणारच होते, पण त्या कोपऱ्यावर सरस सांडला होता आणि चित्र निघून आलं होतं. सरस सहदेवकडून सांडला होता. त्याने कागद हलक्या प्रतीचा असल्याचं जाहीर केलं.

"साचो जोडल्यार एक नट उरताच," तो म्हणाला. "जॉबर, आमचो मुकादम, तो खिशात घालता."

"हे उरायला नकोत," नलिनी म्हणाली. "त्यांनी आयुष्य काढलंय त्या विमानांत. लगेच कळेल."

कोणाला कळेल ते तिने म्हटलं नाही. त्याची गरजही नव्हती. सहदेवने दोन्ही काड्या वाटीत ठेवल्या आणि वाटी विमानाशेजारी. आत्तापर्यंत रविवार हा मुलीचा होता. आता त्याचंही काम तपासणीला जाणार होतं.

रविवारी अकराला शिवदास आणि त्याचे वडील धोंडिराम आले. शिवदास उंच, इस्त्रीचा शर्ट, बोटं खरंच जाड. धोंडिराम बारीक, पांढऱ्या टोपीतला, चपला दाराबाहेर काढून त्या सरळ रेषेत लावणारा. श्यामसुंदरने त्यांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभा राहिला. हा मान होता की अंतर, ते त्याचं त्यालाच ठरवता आलं नव्हतं. सुलक्षणाने पोहे आणले. श्यामसुंदरने डोळ्यांनी विचारलं की नवी कपबशी कशाला काढलीस. तिने डोळ्यांनीच सांगितलं की हरकत नोंदवली आहे.

"प्रवास ठीक झाला?" श्यामसुंदर म्हणाला.

"विक्रोळीहून प्रवास कसला," धोंडिराम म्हणाला. "बस मिळाली."

पुढचं वाक्य कोणाकडेच नव्हतं. श्यामसुंदरकडे मात्र भाषण होतं. त्याने ते रात्री लिहून काढलं होतं आणि ते 'आम्हाला आपल्याविषयी आदरच आहे' असं सुरू होत होतं. अशी सुरुवात असलेल्या भाषणाचा शेवट कुठे होतो हे धोंडिरामला चाळीस वर्षांच्या सरावाने माहीत असावं, कारण त्याने बशी आधीच खाली ठेवली.

"आम्हाला आपल्याविषयी," श्यामसुंदर म्हणाला.

"पयला ता बघा," सहदेव म्हणाला आणि त्याने स्टुलावरचं फडकं उचललं.

धोंडिराम उठला. विमानाला हात न लावता तो गुडघ्यांवर बसला आणि खालून बघू लागला. लोक विमान वरून बघतात, बाजूने बघतात. हा माणूस पोटाखालून बघत होता.

"शिवदास सांगत होता, नलिनीचा निरोप आला, दांड्या हरवल्या म्हणून."

"दळल्या," रुक्मिणी म्हणाली. "मियां दळल्यंय. म्हणजे कारखान्यान दळल्यान."

"जोडलं कोणी?"

"माझ्या चेडवान," सहदेव म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि मियां."

नलिनीने वर पाहिलं. गेले तीन आठवडे ती तुझं चेडू होती.

"पोट चांगलं बसलंय," धोंडिराम म्हणाला. "सांधा दिसत नाही. सांताक्रूझला असताना हे पोट मी रोज धुवायचो. सगळं तेल तिथेच येतं. वर चकचकीत, खाली आम्ही." तो हसला. "साहेब लोक डाव्या बाजूच्या दारातून चढायचे. मी कधी बसलो नाही आत. झाडायला जायचो तेवढंच."

शिवदास वडिलांकडे बघत होता. त्याने हे ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असेल तर असं नाही.

"दोन वस्तू उरल्यात," सहदेव म्हणाला. वाटी पुढे करताना त्याचा आवाज उगाच कडक झाला. गिरणीत मोठा साहेब साचा बघायला आला की असाच व्हायचा. "खय लागतत ता आमका गावला नाय."

धोंडिरामने वाटीत बोट घातलं आणि एक काडी नखावर उचलली. त्याने चष्मासुद्धा लावला नाही.

"नाकाखाली. एक इकडे, एक तिकडे. यातून हवा आत जाते, त्यावर वेग कळतो. विमान उभं असलं की यात माती जाऊ नये, गांधीलमाशीने घर करू नये म्हणून पिशवी चढवायची, लाल फडकं लावून. सकाळी उडायच्या आधी काढायची. राहिली तर वर गेल्यावर वेगच कळायचा नाही. अठ्ठावीस वर्षं ते काम माझं. एकदाही राहिली नाही."

"एकदा पण नाय?" सहदेवने विचारलं.

"एकदा पण नाही."

सहदेवने सरसाची नळी त्याच्या हातात दिली. घरातली कुठलीही वस्तू सहदेवने अशी दुसऱ्याच्या हातात दिलेली रुक्मिणीला आठवत नव्हती. खुंटीवरचा गिरणीचा पाना तो सुनेला पुसायलाही देत नसे. धोंडिरामने सरस लावला, नलिनीने भिंग धरलं, सहदेवने नाक धरलं. पहिली काडी बसली. दुसरी बसली. तेरा डझन आणि सात पूर्ण झाले.

श्यामसुंदरने घसा साफ केला. "तर मी म्हणत होतो, आम्हाला आपल्याविषयी."

"थांब रे," सहदेव म्हणाला. "काम पुरा झाला. गाऱ्हाणा घालूक होया." आणि धोंडिरामकडे वळून, "तुमी देव मानत नाय ता माका ठावक आसा. तुमी नुसते बसा."

"बसतो की," धोंडिराम म्हणाला. "अर्ज तुमचा, साहेब तुमचा."

सहदेवने टोपी सरळ केली. रुक्मिणी पदर घेऊन उभी राहिली, सुलक्षणा तिच्यामागे. श्यामसुंदरने हात जोडले. गाऱ्हाण्याला हात न जोडणारा सरचिटणीस अजून जन्माला आलेला नाही.

"बा देवा म्हाराजा, हाती घेतलेला काम आज पुरा झाला."

"व्हय म्हाराजा." आरोळीने कपबशा हलल्या.

"ज्येची चूक झाली तेची तू पोटात घातलंस."

"व्हय म्हाराजा."

"चार हात लागले, वायच बाहेरचे, वायच घरचे, पण खुंटी भोकात बसली."

"व्हय म्हाराजा." श्यामसुंदरचे डोळे मिटले होते. तो आता रंगात आला होता. मंडळाच्या सत्यनारायणाला यायचा तसा.

"तसाच माझ्या नलिनीचा आणि ह्या बनसोड्यांच्या शिवदासाचा लगीन ठरवलेला आसा," सहदेव त्याच चालीत, श्वासही न बदलता म्हणाला, "ता पौषाच्या आधी निर्विघ्न पार पडान्दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," श्यामसुंदर गरजला.

त्याच्या आवाजाखाली आईचा होता, बायकोचा होता. शेवटच्या अक्षरापुरता नलिनीचाही होता. पण भांडुपच्या त्या चाळीने नंतर शपथेवर सांगितलं की त्यांना ऐकू आला तो एकट्या श्यामसुंदरचा. शेजारची द्रौपदी तर लगेच दाराशी येऊन विचारून गेली, लग्न ठरलं काय नलूचं, दादा केवढ्यान ओरडले.

श्यामसुंदरने डोळे उघडले. जोडलेले हात तसेच होते. त्याने बापाकडे पाहिलं. सहदेव टोपी काढून तिच्यातला घाम पुसत होता.

"अण्णा, हे," तो म्हणाला. "हे कामकाजाला धरून नाही."

"सर्वानुमते झाला," सहदेव म्हणाला. "वेतोबासमोर. आता नाय म्हणतलंस तर मंडळात जाऊन सांग, सरचिटणिसान गाऱ्हाणा फिरवल्यान म्हणान. कार्तिकात बघूया कोण मत देता ता."

श्यामसुंदर खुर्चीत बसला. रिकामी एकच होती, धोंडिरामच्या शेजारची.

"पोहे गार झाले तुमचे," धोंडिराम त्याला म्हणाला, आणि आपल्या बशीतला लिंबाचा तुकडा त्याच्या बशीत पिळला. मग सहदेवकडे वळून विचारपूस केल्यासारखा म्हणाला, "मसुदा चांगला होता. देव ऐकतो म्हणता?"

"देवाचा काय ता देवाक ठावक," सहदेव म्हणाला. "घरचे ऐकतत." मग त्याने डालड्याचा रिकामा डबा उचलून आत डोकावून पाहिलं, उलटा करून हातावर आपटला आणि मुलीपुढे धरला.

"नलू," तो म्हणाला, "बघ गो, काय उरला नाय मा?"